सोबत झेरॉक्स जोडली आहे

तहसील कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली तीन माणसं हमखास सापडतात. एक स्टँपव्हेंडर, दुसरा टायपिंगवाला आणि तिसरे आप्पा. पहिल्या दोघांकडं तिथं बसण्याचा परवाना असतो. आप्पांकडं नसतो, पण त्यांना उठवायला कुणी धजावत नाही. कारण उठवायचं तर कोणत्या नियमाखाली उठवलं ते आप्पा लेखी मागतात, आणि लेखी द्यायचं म्हटलं की भल्याभल्या सरकारी माणसाचा हात जड होतो.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला एक आप्पा असतात. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं भाई, कुठं कॉम्रेड, नागपूरकडं भाऊ. एखाद्या तालुक्याचं नशीब थोर असलं तर तिथं ते ताई असतात. पूर्वी ते कुठल्या तरी डाव्या नाहीतर समाजवादी पक्षात होते. पुढं पक्षाची शकलं झाली, शकलांचे तुकडे झाले आणि शेवटच्या तुकड्यात आप्पा एकटेच उरले. त्या तुकड्यात मात्र नंतर कधी फूट पडली नाही.

आमच्या आप्पांचा झब्बा खादीचा आणि खिशात तीन पेनं. निळं सहीसाठी, लाल दुसऱ्याच्या निवेदनातल्या चुका काढण्यासाठी आणि काळं सरकारी नमुने भरण्यासाठी. खांद्याला शबनम. शबनममध्ये काय असतं याबद्दल तालुक्यात दंतकथा आहेत. मी एकदा ती बघितली आहे. दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, अंगठे घ्यायला शाईचा पॅड, शाई पुसायला ओला फडका, पंचिंग मशीन, सुतळी, गावाची मतदार यादी, घडी घालून घालून चौकोनी भोकं पडलेलं राजपत्र आणि एका डबीत तंबाखू-चुना. भाकरीही होती, पण ती एका शासन निर्णयात गुंडाळलेली होती. तो निर्णय रद्द झालेला आहे याची आप्पांनी आधी खात्री करून घेतली होती.

आप्पांच्या लेखी प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती असतात. एक साहेबांची आणि एक खरी. खरी म्हणजे जिच्यावर पोचेचा गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडलेला असतो ती. साहेबांच्या प्रतीचं पुढं काय होतं यात आप्पांना फारसा रस नसतो. ती फायलीत जाते, फाईल कपाटात जाते, कपाट पावसाळ्यात गळक्या छपराखाली जातं. हे सगळं त्यांना पाठ आहे. खरी प्रत मात्र ते छातीशी धरून घरी आणतात.

आवक-जावकच्या टेबलावरचा क्लार्क त्यांना लांबूनच ओळखतो. आप्पा व्हरांड्यात दिसले की त्याला चहाची तल्लफ येते.

"आप्पा, साहेब मीटिंगला गेलेत."

"जाऊ देत की. शिक्का तर इथंच आहे ना?"

"शिक्क्याची शाई संपलीय."

आप्पा शांतपणे शबनममधून पॅड काढून टेबलावर ठेवतात.

या शिक्क्यापायी आप्पांची जी टिंगल होते, तिच्यात मीही आघाडीवर होतो. मी जिल्ह्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतो. आप्पांच्या निवेदनाची बातमी म्हणजे दोन इंच मजकूर आणि फोटोत तहसीलदारांपेक्षा निवेदनच मोठं. पण एका उन्हाळ्यात त्यांनी मला रोजगार हमीच्या मजुरांबरोबर दिवसभर हिंडवलं आणि हा गोल शिक्का काय चीज आहे ते दाखवलं.

काम पाहिजे असं मजुराने नुसतं तोंडानं म्हणून चालत नाही. ते नमुना 4 मध्ये म्हणावं लागतं. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर सरकारला बेकारी भत्ता द्यावा लागतो. आता हे पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? तर तारखेची पोच मिळाल्या दिवसापासून. ती पोच नमुना 5 वर असते. म्हणून काय होतं, तर नमुना 4 हसतमुखानं घेतला जातो, 'ठेवा तिथं' म्हणतात, पाणीही विचारतात, आणि नमुना 5 चं नाव काढलं की ग्रामपंचायतीतली वीज जाते. पोच दिली नाही म्हणजे मागणी झालीच नाही, मागणी नाही म्हणजे बेकारी नाही, आणि बेकारी नाही म्हणजे तालुका सुजलाम सुफलाम. एवढा मोठा कायदा त्या एका चिठोऱ्यावर अडून बसतो. त्या दिवशी आप्पा ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसले ते दिवेलागणीला पोच घेऊनच उठले. पायरीवर त्यांच्या मागं चाळीसेक बायका बसल्या होत्या. त्यांनी तिथंच तूर निवडली, पोरं निजवली, ग्रामसेवकाच्या सासुरवाडीची चौकशी केली. शेवटी त्या चौकशीनंच तो हैराण झाला असावा.

रोजगार हमीवर बोलताना आप्पांचा आवाज कीर्तनकारासारखा लागतो. वि. स. पागे हे त्यांचं दैवत. विधान परिषदेचे सभापती असलेल्या माणसाने 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात हा प्रयोग करून बघितला, 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, 1977 ला त्याचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. "आणि दिल्लीला हे कधी सुचलं? 2005 ला!" हे वाक्य ते अशा थाटात म्हणतात की दिल्लीने विसापूरला येऊन वही उतरवून नेल्यासारखं वाटावं. तसं म्हटलं तर ते फार खोटंही नाही.

त्यातही त्यांचा लाडका भाग म्हणजे व्यवसाय कर. या हमीला पैसा कुठून आणायचा म्हणून 1975 मध्ये नोकरी-धंदेवाल्यांवर हा कर बसवला. आजही पगारदाराचे महिन्याला 200 रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500. कुणी बँकेतला, शाळेतला, कचेरीतला माणूस मजुरांना बघून नाक मुरडताना दिसला की आप्पा त्याला गाठतात.

"फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त कापतात तुमचे?"

"हो ना! अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि वर शंभर जास्त."

"ते या बाईंच्या हमीपायी बसलेत. नमस्कार करा त्यांना. आणि काम नीट चाललंय का विचारा. मालक आहात तुम्ही."

तो बिचारा नमस्कार करतो. बाई घमेलं खाली ठेवून उलट नमस्कार करते. आप्पा प्रसन्न होतात. एरवी समाजवाद येताना त्यांनी एवढ्या जवळून कधी पाहिलेला नसतो.

घरात आप्पांची भाषा बदलत नाही. "चहाबाबत काय निर्णय झाला?" असं ते ओट्याकडं तोंड करून विचारतात. काकू आतून उत्तर देतात, "विचाराधीन आहे." काकूंनी संसार केला तो याच भाषेत. आप्पांच्या खोलीत भिंतभर फायली आहेत आणि त्यांच्या पाठीवर खडूनं विषय लिहिलेले आहेत: पाझर तलाव, रेशन, एसटीचा थांबा, पाझर तलाव (पुन्हा), स्मशानाचं पत्र्याचं शेड, पाझर तलाव (अंतिम). घराला रंग देऊन बावीस वर्षं झाली, कारण फायली हलवल्या तर क्रम बिघडेल. थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दाराशी टेबल लावून एक कार्यकर्ता वही घेऊन बसला होता. पाहुण्यांना वाटलं आहेराची नोंद चालली आहे. सगळ्यांनी नाव, गाव लिहून सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की साऱ्या वऱ्हाडाने तालुक्यातल्या नळपाणी योजनेच्या चौकशीची मागणी केली आहे. नवरदेवाकडची मंडळी दुसऱ्या तालुक्यातली निघाली म्हणून त्यांच्या सह्या छाननीत बाद झाल्या. विहीणबाईंना हा अपमान अजून पचलेला नाही.

आमदाराशी आप्पांचं नातं गुंतागुंतीचं आहे. आमदार कुठल्याही पक्षाचा असो, जाहीर सभेत तो आप्पांना 'आमचे मार्गदर्शक' म्हणतो आणि गाडीत बसल्यावर 'हा कुठून टपकला' असं ड्रायव्हरला विचारतो. आप्पाही सभेत त्याला 'लोकप्रिय' म्हणतात आणि निवेदनात 'निष्क्रिय'. तरी दोघांचं एकमेकांवाचून अडतं. विधानसभेतला तारांकित प्रश्न आमदाराच्या नावावर लागतो, तो लिहिलेला असतो आप्पांनी. 'खालील गोष्टींचा खुलासा मंत्रिमहोदय करतील काय? हे खरे आहे काय की...' हे तीन ओळींचं वाक्य साच्यात बसवणं येरागबाळ्याचं काम नाही. एकदा पाझर तलावाच्या प्रश्नाला छापील उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' आप्पांनी तालुक्याच्या चौकात पेढे वाटले. मी म्हटलं, आप्पा, तलाव अजून गळतोच आहे. ते म्हणाले, "अरे, गेली कित्येक वर्षं 'हे खरे नाही' म्हणत होते. अंशतः म्हणाले! आता उरलेला अंश तेवढा राहिला."

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला नसता तरच नवल. पंचायत समितीला राहिले. तालुक्यातल्या निम्म्या घरांनी या ना त्या निवेदनावर आप्पांसाठी सही केलेली होती, आणि आप्पांनी त्या हिशेबावर प्रचारच केला नाही. मतपेटीने निराळाच हिशेब दिला. लोकांचा त्यात काही दुजाभाव नव्हता. काम आप्पांना सांगायचं आणि मत दुसऱ्याला द्यायचं, ही वाटणी गावाने मनोमन केव्हाच केलेली असते. आप्पा निवडून आले असते तर निवेदन कुणाच्या हाती द्यायचं, असा प्रश्न एका म्हाताऱ्यानं मला विचारला होता, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अनामत जप्त झाली. आप्पांनी निवडणूक अधिकाऱ्याकडं जाऊन जप्त झालेल्या अनामतीची पोच मागितली.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन ही त्यांची वारी. सतरंजी, भाकरी, पॅड. मोर्चा बॅरिकेडपाशी अडतो, घोषणा होतात, 'या सरकारचं करायचं काय, खाली डोकं वर पाय' म्हणता म्हणता शिष्टमंडळात कोणते पाच जण जाणार यावरून मोर्चातच दोन गट पडतात, शेवटी मंत्र्यांऐवजी त्यांचे स्वीय सहायक निवेदन घेतात, आणि आप्पा शिक्का कुठाय विचारतात. वर्षानुवर्षं यात बदल नाही. एका वर्षी मात्र ते नागपूरहून परतले तेव्हा बोलले नाहीत. ते 2013 साल होतं. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर कितीतरी वर्षं पायऱ्या झिजवत होते. 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरला कायदा मंजूर झाला. कायदा झाल्याचे पेढे आप्पांनी वाटले नाहीत. त्याऐवजी त्यांनी त्याचं पूर्ण नाव पाठ केलं. महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, 2013. हे ते एका दमात म्हणतात. भूत उतरवणाऱ्या एका बाबाविरुद्ध तक्रार घ्यायला ठाणे अंमलदार कां-कूं करत होता, तेव्हा आप्पांनी ते नाव त्याला तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा म्हणायच्या आत त्याने तक्रार लिहून घेतली. आता तो म्हणतो, मंत्रात ताकद असते यावर माझा त्या दिवशी विश्वास बसला.

पण आप्पांना त्यांच्या पूर्ण तेजात बघायचं तर बाटलीच्या वेळी बघायला हवं होतं.

आमच्या जवळच्या एका गावात शाळेच्या वाटेवर देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. बायका कंटाळल्या होत्या. त्यांच्यातली एक मावशी, नवरा दारूत गेलेली, आप्पांकडं आली आणि म्हणाली, "आम्ही उद्या दुकान फोडणार हाय. तुमी नुस्तं संगं या." आप्पा म्हणाले, "फोडायचं नाही. आडवी करायची."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण आपल्या राज्यातली ही तरतूद मला भारी वाटते. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उमेदवार दोनच: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी जिंकली तर दुकान चालू, आडवी जिंकली तर बंद. इथवर सगळं गोड आहे. मेख पुढं आहे. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी आली नाही ती उभी बाटली. जी माहेरी गेली ती उभी बाटली. जी मेली आणि यादीत राहिली, तीही पलीकडून उभ्या बाटलीलाच मत टाकून राहिलेली.

"आमदाराला उभं राहायला तीस टक्के पुरतात," आप्पा म्हणाले, "बाटली आडवी करायला पन्नास लागतात. यावरून काय ते समजा."

मग सुरू झाली आप्पांची आकडेमोड. यादीत समजा बाराशे बायका. सह्या लागणार तीनशे, मतं लागणार सहाशे एक. आप्पा त्या यादीत राहायलाच गेले. त्यांना गावात माणसं दिसेनाशी झाली, अनुक्रमांक दिसू लागले. "ती चारशे बारा सासरी गेली. चारशे तेरा वारली. चारशे चौदा पुण्याला घरकामाला आहे, दिवाळीला येते. चारशे पंधरा आहे, पण तिचं चारशे सोळाशी भांडण आहे, ती असेल तिथं ही येत नाही." ऊसतोडीला गेलेली घरं परत येईपर्यंत मतदान लागू नये म्हणून त्यांनी आणखी एक निवेदन दिलं, त्याची पोच घेतली. नव्या सुनांची नावं नमुना 6 भरून यादीत आत घ्यायची आणि गेलेल्या म्हाताऱ्यांची नमुना 7 भरून बाहेर काढायची, हा उद्योग रात्री दहापर्यंत चाले. याच काळात एका आजींच्या दहाव्याला आप्पा नदीवर हजर. पिंड ठेवलेला, कावळा शिवेना. आजींची कसली इच्छा राहिली यावर भावकीत तर्क चालले. नातवाचं लग्न म्हणावं, बांधाचा वाद म्हणावा. आप्पा थोरल्या मुलाच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "नाव कमी करायचं राहिलंय." आणि नमुना 7 पुढं केला. मुलाने ओल्या पंच्यानिशी सही केली. त्यानंतर कावळा शिवला, हे मी स्वतः बघितलं आहे. आप्पा कट्टर अंधश्रद्धाविरोधी, त्यांनी तिकडं पाठ फिरवली.

सह्या झाल्या. उत्पादन शुल्क खात्याचे लोक पडताळणीला आले. एकेका बाईला विचारू लागले, "ही सही तुमचीच का?" एक आक्का उसळून म्हणाली, "मंग कुणाची? साक्षरता वर्गात शिकले ती पहिली सही हाय माझी. परत करून दावू?" आणि तिने साहेबांच्या हातातल्या कागदावरच करून दाखवली. तो कागद साहेबांचा रजेचा अर्ज होता.

प्रचारात भलतीच अडचण उभी राहिली. चित्र. आप्पा गल्लोगल्ली बाटलीचं चित्र दाखवत सांगत होते, आडवीवर शिक्का मारा. एका घरात म्हातारी ऐकेना.

"आडवीवर? आवं, आडवी बाटली म्हंजी आमच्या म्हाताऱ्याच्या उशाशी पडल्याली असती तीच की वो! तिला व्हय मत देऊ?"

"आजी, आडवी म्हणजे पडलेली. म्हणजे हरलेली."

"आन म्हातारा पडला की कोन हरतं? मीच हरते."

आप्पांचं कायद्याचं सगळं ज्ञान त्या ओसरीवर थिजलं. कायदा करणाऱ्यांनी मसुदा करताना त्या उशाशी पडलेल्या बाटलीचा विचार केलेला नव्हता. शेवटी मावशीनं तोडगा काढला. तिने खरी बाटली आणली, दारात ठेवली आणि म्हातारीला म्हणाली, "हान लाथ." म्हातारीने हाणली. बाटली कलंडली. "ही आडवी. तू पाडली ती." म्हातारीला एकदम पटलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गल्लीत हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याला आप्पांच्या भाषणांपेक्षा गर्दी जास्त. लाथ मारायला बायकांनी रांगा लावल्या. आप्पांनी याला आचारसंहितेत काही बाधा येते का ते बारकाईनं तपासलं. येत नव्हती.

दुकानदारही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यालाही ती मेख ठाऊक होती. त्याने बायकांना दारूच्या बाजूनं मत द्या असं एकदाही म्हटलं नाही. मतदानाच्या दिवशी फुकट देवदर्शनाला दोन गाड्या लावल्या, एवढंच. एकेक गाडी म्हणजे पन्नास उभ्या बाटल्या. आप्पा रात्रभर येरझाऱ्या घालत होते. देवाला जाऊ नका असं सांगावं तर बायका बिथरणार; आणि आप्पा नास्तिक, त्यांच्या तोंडी ते शोभणारही नाही. मावशी म्हणाली, "आप्पा, तुमी झोपा जावा." पहाटे गाड्या भरून गेल्या. दुपारी साडेतीनला परत आल्या. मावशीनं ड्रायव्हरला गाडीत बसतानाच सांगितलं होतं, पाच वाजता मतदान संपतं, त्याच्या आत आणलं नाहीस तर तुझी बायको आमच्याच गावची हाय. बायका कपाळाला कुंकू, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन थेट रांगेत उभ्या राहिल्या. आप्पांनी त्या दिवशी प्रसाद खाल्ला. दोनदा.

आडवी बाटली गरजेपेक्षा अकरा मतांनी जास्त घेऊन निवडून आली. गुलाल उडाला. मावशीला बायकांनी उचललं. आप्पा तेवढ्यात शाळेच्या खोलीत मतमोजणीच्या तक्त्याची साक्षांकित प्रत मागत होते. दुकानाला कुलूप लागलं, तेव्हा पंचनाम्यात 'लाकडी दरवाजा' लिहिलं आहे, प्रत्यक्षात तो पत्र्याचा आहे, ही चूकही त्यांनीच दुरुस्त करून घेतली.

यानंतर दोनेक महिन्यांनी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, आप्पांच्या दारात तो दुकानदार उभा. काकू घाबरल्या. मी तिथंच होतो, मलाही बरं वाटलं नाही. पण तो रडकुंडीला आलेला होता. दुकान दुसरीकडं हलवायची परवानगी मिळावी म्हणून त्याने अर्ज केला होता. तो अर्ज कचेरीत एका टेबलावर बसून होता. कुणी हो म्हणत नव्हतं, नाही म्हणत नव्हतं, नुसतं 'बघू' म्हणत होतं. 'बघू'चा दर त्याला परवडेनासा झाला होता.

आप्पांनी घास तसाच ठेवला. "अर्ज देऊन किती दिवस झाले?"

"पन्नास झाले असतील."

"पन्नास!" आप्पा ताडकन उठले. निवडणुकीत अनामत गेली तेव्हाही मी त्यांना इतकं लालबुंद झालेलं पाहिलं नव्हतं. "अरे, दप्तर दिरंगाईचा कायदा आहे 2005 चा! सात दिवस! कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त फाईल एका टेबलावर ठेवता येत नाही! काय समजतात काय हे?"

"आप्पा, पण तुम्हीच तर माझं दुकान..."

"ते वेगळं. तुझा अर्ज मंजूर करा असं मी म्हणणार नाही. नामंजूरच झाला पाहिजे असं माझं मत आहे. नव्या गावातल्या बायकांची यादी मी उद्याच मागवतो. पण नामंजूर तरी सातव्या दिवशी करायला नको का? पोच कुठाय?"

दुकानदाराकडं पोच नव्हती. आप्पांनी कपाळाला हात लावला. मग काळं पेन काढलं, उष्टा हात धुतला आणि रात्री बारापर्यंत त्याचं निवेदन लिहिलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपासून 'अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' इथपर्यंत. शेवटचं वाक्य दुकानदाराने खोडायला लावलं. आंदोलनाचा त्याला अनुभव होता.

सकाळी ही बातमी गावात पोचली. मावशी बायकांना घेऊन आली, दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलली आणि निघून गेली. बायकांनी आप्पांशी अबोला धरला. आठवडाभर तो टिकला. आप्पांच्या ते ध्यानात आलंच नाही. ते रोज सकाळी दुकानदाराला स्कूटरच्या मागं बसवून कचेरीत जात होते आणि दिवस मोजत होते.